काळंपांढरं कास

मेढा
शनिवार, २१ सप्टेंबर २०२४

प्रिय शंभू,

घरी सगळी ठीक आहेत. तूही तिकडं वर, पलटणीत, थंडीत, ठीक असशील असं समजून लिहायला बसलोय. परवा फोन लागला, पण तुझं निम्मं बोलणं वाऱ्यातच गेलं. आई म्हणाली, "फोनचा नाद सोड, त्याला कागुद लिव. हातात धरून चार येळा वाचंल तरी." म्हणून हे पत्र. अक्षर मोठं काढलंय, हसू नकोस. पेन नवीन आहे, टोक जाड आहे.

आईचे गुडघे दर पावसाळ्यात धरतात तेवढेच यंदाही धरलेत. भात पोटरीत आलंय. मंगळवारी गणपती पोचवले. तुझा ताशा धनाजीनं वाजवला आणि निम्म्या वाटेत एक काठी मोडली, तर उरलेली वाट एकाच काठीवर काढली गड्यानं. सृष्टी सहावीला गेली. तिला आता स्टुडिओत बसून लोकांना "मान सरळ, जरा हसा" असं सांगायची हौस आलीय. तुझी वहिनी क्रांती दिवसभर कॉम्प्युटरवर असते, अल्बमची कामं तीच बघते. मी बाहेरचं बघतो.

आता मोठी बातमी. माझ्या फोटोंचं प्रदर्शन झालं, तेही सांगलीत. तिथं कॅमेऱ्यावाल्यांचं एक मंडळ आहे, शौनक म्हणून एक मुलगा ते चालवतो. त्यानं माझे कासचे फोटो मोबाईलवर बघितले आणि थेट मेढ्याला आला. गेल्या दोन हंगामांतले चोवीस फोटो निवडले, मोठे करून घेतले आणि एका हॉलमध्ये तीन दिवस लावले. सगळे ब्लॅक अँड व्हाइट. कासचं पठार, ऐन फुलात आलेलं, आणि चोवीस फोटोंत मिळून रंग एकही नाही.

पहिल्या दिवशी लोक गोंधळले. एक आजोबा मला म्हणाले, "अहो, कासला माणसं फुलं बघायला जातात, तुम्ही तर राख दाखवलीत." मग मात्र तेच आजोबा एका फोटोपुढं खुर्ची ओढून बसले आणि अर्धा तास हलले नाहीत. त्यात सगळ्या पठारावर तेरडा पसरलाय, दुधाची चरवी लवंडल्यासारखा. मधूनच काळा कातळ वर आलाय आणि वर ढग इतके खाली, की फुलांना टेकलेत. मला स्वतःलाही तो फोटो आवडतो, खोटं कशाला बोलू.

शेवटच्या दिवशी माझ्या हातात माईक दिला. एवढं रंगीत पठार आणि तुम्ही रंगच काढून टाकलात, असं का, म्हणून विचारलं. मी म्हणालो, रंग असला की माणूस रंगच बघतो, फूल बघायचं राहून जातं. टाळ्या वाजल्या. क्रांती पहिल्या रांगेत होती, तिचे डोळे भरले होते. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, "रंगांना नकार देणारा छायाचित्रकार". आईनं ते कात्रण देवघराच्या काचेत लावलंय.

एक गंमत सांगतो. सृष्टीएवढी एक मुलगी आईबरोबर आली होती. एका फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "काका, हे फूल खरं कुठल्या रंगाचं असतं?" मी म्हणालो, गुलाबी, तेरडा आहे. तिची आई वाकून बघत म्हणाली, "तेरडा कुठला हो? सोनकी आहे ही. पाकळ्या बघा ना. पिवळी असते." मी पटकन म्हणालो, "बघा, म्हणजे रंगावाचून काही अडत नाही!" सगळे हसले. मीही हसलो. ते का कोण जाणे, अजून मनातून जात नाही. असो.

परवा पुन्हा वर जाऊन आलो. मी ढग असतील त्याच दिवशी जातो, उजेड मऊ असतो म्हणून. तिथं राखणीला लालासाहेब म्हणून आहेत, ते म्हणतात, "ढग आलं की लोक घरला जात्यात, आन् तुमी ढग आलं की येता. तुमचं समदंच उलटं." मोटारसायकल विकली, हे तुला सांगायचं राहिलं. पाठ दुखते खड्ड्यांनी. धनाजीच्या जीपनं जातो.

आता तुझं सांग. मे महिन्यात आला होतास तेव्हा घरातसुद्धा गॉगल लावून बसायचास, आई हसायची. अजून लावतोस का? बर्फावरच्या उन्हाचा त्रास होतो का? दुपारी जास्त होतो, की संध्याकाळी? गाडी रोज तुलाच चालवावी लागते, की बदलीला कोणी असतं? जमलं तर थोडे दिवस दुसरं काम मागून बघ. पाठीला आराम पडावा म्हणून म्हणतोय, दुसरं काही नाही. ह्या प्रश्नांची उत्तरं मात्र नक्की लिही, विसरू नकोस.

सांभाळून राहा.

तुझा दादा,
जयराज


मेढा
मंगळवार, ५ नोव्हेंबर २०२४

शंभू,

पाडव्याला तुझा फोन आला तेव्हा मी अंगणात होतो. तू म्हणालास, "दादा, आईला सांगू नगंस. गाडी कठड्यावर घातली मी. दुपारची येळ हुती, लख्ख ऊन. आमच्या तुकडीतला बिरदेव शेजारी बसला हुता, त्याचा पाय मोडलाय. मागच्या एकाचा खांदा गेलाय. चौकशी लागलीय." मग म्हणालास, "चूक माझीच हाय. वळण समोर हुतं आन् मी बघितलंच न्हाई. मी काय करत हुतो, मलाच कळंना झालंय." मी काही बोलायच्या आत आईनं माझ्या हातातून फोन घेतला आणि तू तिला फराळाचा डबा मिळाल्याचं सांगायला लागलास. हसत होतास. मी उंबऱ्यात उभा राहून ऐकत होतो.

त्यानंतर हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता लिहितो ते पुरं वाच. मधेच ठेवून देऊ नकोस.

चूक तुझी नाही. तुझे डोळे बिघडलेत. मला ते माहीत होतं.

आधी माझं सांगतो, म्हणजे तुला कळेल. मला रंग दिसत नाहीत. पाच वर्षांपूर्वी कमी व्हायला लागले, आता जवळजवळ गेलेत. पहिल्यांदा कळलं ते कासलाच. मी कुंपणाशी उभा होतो, शेजारची माणसं "अगं बाई, काय हा पिवळा, काय हा जांभळा" म्हणत होती आणि माझ्यापुढं सगळं पठार धुतलेल्या गोधडीसारखं होतं. वाटलं, उन्हानं डोळे दिपलेत. घरी येऊन कॉम्प्युटरवर बघितलं, तिथंही तेच. मग लग्नाचे अल्बम बिघडायला लागले. नवरीचा चेहरा हिरवट, शालूचा रंग भलताच. क्रांतीला वाटलं, स्क्रीन खराब आहे. तिनं स्क्रीन बदलली. वर्षानं पुन्हा बदलली. मी दुकानदाराला शिव्या घातल्या आणि हळूच रंगाचं सगळं काम तिच्यावर ढकललं.

लख्ख ऊन पडलं की मला समोरचं माणूस दिसत नाही. पांढरा पडदा होतो. ढगाळ असलं किंवा सांज झाली की बरं दिसतं. मऊ उजेड, पाठदुखी, हे सगळं सांगायला होतं. गाडी विकली, कारण मेढ्याच्या बाजारपेठेत भरदुपारी एका बाईच्या अंगावर घातली होती. ती टोपली टाकून उडी मारून बाजूला झाली म्हणून वाचली. अक्षर मोठं काढतो तेही त्याचमुळं. आणि ब्लॅक अँड व्हाइट फोटो मी निवडले नाहीत. माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं. सांगलीत माईकवर जे बोललो ते घरी आरशापुढं उभं राहून पाठ केलं होतं.

आता तुझ्याबद्दल.

ऑगस्ट २०२१ मध्ये सांगलीला एका लग्नाचं काम होतं. ते उरकून कोणाला न सांगता मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी दिवसभर तपासण्या केल्या. म्हणाले, डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार आहे, रंग आणि भरउजेड सांभाळणारा भाग झिजतो, औषध नाही. मग विचारलं, "घरात आणखी कुणाला असं होतं?" मला अण्णा आठवले. आठवतं का, शेवटची दहा वर्षं अण्णा सायकलवर बसले नाहीत. समोरून माणूस आला तरी बोलायचे नाहीत. त्यांना गर्व झालाय, माणसं ओळखत नाहीत, असं गावात बोलायचे. ते दुपारी घराबाहेर पडायचेच नाहीत.

डॉक्टर म्हणाले, "हा आजार वडिलांकडून आलेला दिसतो. भावंडं आहेत?"

"एक भाऊ आहे. लष्करात."

"काय काम करतो?"

"गाडी चालवतो. डोंगरात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "त्याला असेलच असं नाही. पण निम्मी शक्यता आहे. आज फोन करा त्याला. उद्या नाही, आज."

मी मिरजेच्या स्टँडवर येऊन बसलो आणि तुला फोन लावला. लागला. मी काही बोलायच्या आत तू ओरडलास, "दादा! नाईक झालो! आत्ताच फीत लावली सायबांनी!" मागं तुझी माणसं दंगा करत होती. मी म्हणालो, "शाबास रं पठ्ठ्या." आणि फोन ठेवला. मनात म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे.

तो दिवस तीन वर्षं चालला, शंभू.

दर फोनला ठरवायचो. दर फोनला काहीतरी आडवं यायचं, नाहीतर मीच आणायचो. स्वतःला सांगायचो, त्याला काही त्रास नाही, कशाला घाबरवायचं. मग मे महिन्यात तू आलास. परसात फणसाखाली आपण दोघंच बसलो होतो. तू म्हणालास, "दादा, उनात लय चमकतंय रं अलीकडं. रस्ता पांढरा हुतो." मग तू हसून म्हणालास, "तपासणीची पाटी तर पाठच झालीय मला. आदीच्याचं ऐकायचं आन् म्हणायचं." म्हणजे तुलाही कुठंतरी कळलं होतं. तू मला विचारत होतास, हे मला तेव्हाच समजलं होतं. मी म्हणालो, "पित्त असंल. लिंबू-सरबत घे." आणि तुला स्टँडवर पोचवून आलो. तू तिथून नीट डोंगरात गाडीवर गेलास.

का नाही सांगितलं, ते लिहितो. आजवर स्वतःला समजावत आलो की तुझी फीत, तुझी नोकरी, आईचा जीव. ते खोटं नाही, पण खरं कारण ते नाही. तुला सांगितलं असतं तर तू क्रांतीला विचारलं असतंस, आईला विचारलं असतंस, आणि माझं उघड झालं असतं. फोटोग्राफर आणि रंग दिसत नाहीत. मेढ्यात कोणी दारात उभं राहिलं नसतं. माझं झाकायला मी तुला त्या गाडीवर बसू दिलं.

या पत्राबरोबर माझ्या मिरजेच्या तपासणीची प्रत जोडलीय. ती तुझ्या साहेबांना दाखव. निष्काळजीपणा केला असं कुठंही लिहून देऊ नकोस, सही करू नकोस. डोळे तपासायला सांग. तपासणीत हाच आजार निघाला तर गाडी सुटेल, हे मला माहीत आहे. ते वाचताना तुझ्या मनात माझ्याबद्दल जे येईल ते येऊ दे. पण तोवर स्टिअरिंगला हात लावू नकोस. एवढं ऐक.

जयराजदादा


मेढा
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय शंभू,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. आईला तुझा फोन येतो हे कळतं. मी खोलीत आलो की ती म्हणते, "ठेवला त्यानं." फोन तर तिच्या कानाला लागलेलाच असतो. तिलाही दोन्हीकडून ओढ बसते, तिला काही म्हणत नाही.

इथं काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहितोय.

तुला पत्र टाकलं त्याच दिवशी क्रांतीला सांगितलं. ती एका बारशाचे फोटो करत होती. माझं सगळं ऐकून घेतलं, हातातलं काम पुरं केलं, मशीन बंद केलं आणि म्हणाली, "दोन स्क्रीन बदलल्या मी. दोन! मला वाटलं, माझंच कायतरी चुकतंय. वरसभर रडत हुते मी, आन् तुमी शेजारी बसून गप." मग एकदम उठली. "आवं, सृष्टीचं काय?"

मी म्हणालो, तिलाही निम्मी शक्यता आहे.

शंभू, क्रांतीनं मला त्याआधी कधी ढकललं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं मिरजेला गेलो. क्रांती सृष्टीला घेऊन आत गेली, मला बाहेर बसवलं. दोन तास लागले. बाहेर आल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाली, "सध्या काय न्हाई. दरवर्षी तपासायचं, मोठी होईस्तोवर." सृष्टीच्या डोळ्यांत औषध घातलं होतं, तिला उजेड सोसत नव्हता. येताना एस.टी.त तिनं तोंड माझ्या कुशीत घातलं होतं. मिरज ते सातारा, सबंध वाट मी हललो नाही.

मग आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मला वाटलं, घाबरेल. हात न थांबवता म्हणाली, "तुझ्या बापाचं डोळं असंच हुतं. मला म्हाईत हुतं."

मी म्हणालो, "कधी बोलली नाहीस?"

"त्यांनी शपथ घातलेली. पोरांना कळू दिऊ नगंस, म्हणलं. पोरींचं बाप मागं फिरतील, म्हणलं." मग सूप बाजूला सारून म्हणाली, "लोक त्यांला गर्विष्ठ म्हणायचं तवा माझं काळीज तुटायचं रं. पर बोलायचं कुनापुढं?"

घरात हे असं होतं, आणि आपण दोघं त्यातच मोठे झालो. ते ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. अण्णांमुळं कोणाचा पाय मोडला नव्हता.

शौनकलाही फोन करून खरं सांगितलं. सांगलीत नाव जाईल, लोक थुंकतील, अशी तयारी ठेवली होती. तो आनंदानं ओरडलाच. "दादा, हे तर जबरदस्त आहे! आधी का नाही बोललात? आपण बोर्डावर हेच लिहू. पुढच्या महिन्यात साताऱ्यात लावू, बघा कशी गर्दी होते." मी म्हटलं, माझे फोटो परत पाठवून दे. त्याला वाईट वाटलं असणार, मुलगा काही वाईट नाही. चोवीसही फोटो आलेत. स्टुडिओत भिंतीकडं तोंड करून उभे केलेत. मी आता कॅमेरा धरत नाही. क्रांती धरते. माणसांना खुर्चीवर बसवणं आणि छत्र्या-दिवे उचलणं माझ्याकडं आहे. लोक विचारतात, आणि विचारलं की मी सांगतो. दोघंतिघं दुसऱ्या स्टुडिओत गेले. बाकीचे येतात.

आता जे तुला सांगायला हवं ते.

डिसेंबरात मी म्हसवडला गेलो. बिरदेवकडं, पायामुळं तो रजेवर घरी आलाय. पत्ता तुझ्या जुन्या पत्रात होता. साताऱ्यावरून दहिवडीमार्गे पोचायला दुपार झाली, आणि माणदेशातलं ऊन तुला माहीत आहे. स्टँडपासून वस्तीपर्यंत एका पोराच्या खांद्याला धरून गेलो. बिरदेव दारापुढं खाटेवर बसला होता, पाय सरळ करून. आत सळई घातलीय. मला बघून उठायला लागला.

"शंभ्याचं दादा न्हवं तुमी? आवं बसा, बसा. आये, पानी आण गं."

मी काही बोलायच्या आधी तोच तुझ्याबद्दल बोलायला लागला. "त्याला कायबी बोलू नगा. लय झ्याक गाडी चालवायचा. आमी डोळं झाकून बसायचो त्याच्या गाडीत. त्या दिशी मी म्हणलं, शंभ्या, वळण हाय. तो म्हणला, दिसतंय रं. आन् सरळच गेला. अजून मला कळंना, काय झालं त्याला."

मी सांगितलं. मिरजेचं, स्टँडवरच्या फोनचं, मे महिन्यातल्या लिंबू-सरबताचं, सगळं. तो ऐकत होता तेव्हा त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, ऊन त्याच्या मागं होतं. आवाज तेवढा आला.

"कवापास्नं म्हाईत हुतं तुमाला?"

"तीन वर्षं."

पलीकडं मेंढरं ओरडत होती. मग म्हणाला, "आवं, कवा कवा बावीस जणं असायचो आमी मागं."

त्याची आई चहा घेऊन बाहेर आली. बिरदेव म्हणाला, "चा नगं आये. त्ये निघाल्यात."

मी उठलो. बांधापर्यंत गेलो असेन, मागून त्यानं हाक मारली. "ओ दादा! ह्ये मला सांगून काय उपेग न्हाई. तितं लिवून द्या. सायबाला. शंभ्याच्या डोक्यावरचं उतरंल तरी."

त्या रात्री घरी आल्याबरोबर लिहिलं. तुझ्या युनिटच्या पत्त्यावर, चौकशीच्या साहेबांच्या नावानं, दोन पानं. मिरजेच्या डॉक्टरांनी कोणत्या तारखेला काय सांगितलं, मी काय लपवलं, भावाला यातलं काहीच कळवलं नव्हतं, आणि विचारायचं असेल तर मी कुठंही यायला तयार आहे. क्रांतीनं वाचलं. एक वाक्य खोडायला लावलं. मी लिहिलं होतं, "कौटुंबिक अडचणींमुळे सांगता आले नाही." ती म्हणाली, "अडचण कसली? सांगितलं न्हाई, एवढंच लिवा." तेवढंच लिहिलं.

गेल्या सोमवारी बिरदेवचा फोन आला. मला नव्हे, आईला. पण बोलताना म्हणाला, दादांना द्या. "शंभ्यावर ठपका न्हाई आला," म्हणाला. "डोळ्याचं निघालं. गाडीवरनं काढलंय त्याला. पुण्याला लष्कराच्या दवाखान्यात तपासाया पाठिवलंय, म्हयनाभर ठेवत्याल." मी म्हणालो, तुझे उपकार आहेत. तो म्हणाला, "माझं कसलं आल्यात? ठेवतो." आणि ठेवला.

म्हणजे तुलाही तेच निघालं. मला ते माहीतच होतं, तरी फोन ठेवल्यावर गोठ्यात जाऊन बसलो. आई आली, शेजारी बसली.

गाडी हे तुझं काय होतं ते मला माहीत आहे. आठवीत असताना वाळूच्या ट्रकवर क्लीनर म्हणून पळून गेला होतास, अण्णांनी कऱ्हाडहून धरून आणलं होतं. ते गेलंय आणि मी काहीही केलं तरी परत येणार नाही. वेळेवर बोललो असतो तरी गाडी गेलीच असती, हेही खरं आहे. पण मग तू ती स्वतःहून ठेवली असतीस, बिरदेव आज चालत असता, आणि रात्री डोळे मिटल्यावर तुला ते वळण दिसलं नसतं. दिसतंय हे आईनं सांगितलं. तेवढं मात्र ती बोलली.

पुण्याच्या दवाखान्यात गुरुवारी दुपारी तीन ते पाच भेटू देतात, असं चौकशी केल्यावर कळलं. येत्या गुरुवारी, तेवीस तारखेला, मी येतोय. बरोबर कोणी नाही. आत येऊन तुझ्या खाटेपुढं उभं राहायचा हक्क मला आहे असं वाटत नाही, म्हणून मोठ्या फाटकाबाहेर थांबेन. पांढरा सदरा, टोपी, हातात आईनं दिलेली पिशवी.

एक गोष्ट मात्र तुला सांगून ठेवायला हवी. तीन वाजता तिथं लख्ख ऊन असणार. तू आलास, दहा पावलांवर उभा राहून माझ्याकडं बघितलंस आणि तसाच माघारी वळलास, तर मला ते कळणारसुद्धा नाही. माझ्यासमोरून जी माणसं जातील ती सगळी सारखीच असतील. तुला बोलायचं असेल तर हाक तुलाच मारावी लागेल. नसेल मारायची तर मारू नकोस. मी पाच वाजेपर्यंत थांबेन, पिशवी पहारेकऱ्याजवळ तुझ्या नावानं ठेवेन आणि साताऱ्याची गाडी धरेन. पुढच्या गुरुवारी पुन्हा येईन.

आजवर पत्राखाली दादा लिहीत आलो. या वेळी तू म्हटल्याशिवाय लिहीत नाही.

जयराज